‘ब्लँक’ लिहिलेली कॅसेट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कटकट नको. भूत, आत्मा, बाहेरचं काहीतरी... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाचा कप उचलून गॅलरीत जाणारा माणूस आहे. या ग्रुपवरसुद्धा मी बायकोमुळे आलो. मेघा इथले सगळे अनुभव वाचते आणि मग पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपते. प्रत्येक अनुभवाखाली “पुरावा काय?” एवढीच कॉमेंट टाकणारा एक आगाऊ माणूस तुम्हाला आठवत असेल — तो मीच. तेव्हा आज मला शिव्या घालायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मी सतीश. मूळचा सांगलीचा, अठरा वर्षं झाली म्हैसूरला येऊन. कडकोळला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटार, पंप, कॉम्प्रेसर यांचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा, त्याचा आलेख काढायचा आणि कुठलं बेअरिंग जाणार ते आधीच सांगायचं, हे माझं काम. थोडक्यात, आवाज हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. त्यातली लबाडी मला कळते, निदान कळते असं मी समजत होतो.

म्हैसूरच्या गोकुलम वस्तीत, तिसऱ्या स्टेजमध्ये आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. खाली योग शिकायला आलेली परदेशी मंडळी नारळपाणी पीत बसलेली असतात आणि वर दर रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं जमतो. मी, किरण आणि मालोजीअण्णा. किरण कन्नडिग, सॉफ्टवेअरवाला, माझ्याहून तरुण आणि माझ्याहून आगाऊ. अण्णांबद्दल पुढे सांगतो. आम्ही जमतो ते एका बँडसाठी. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, सत्तरच्या दशकातला रॉक बँड. दोन लीड गिटार, एक ऑर्गन, आणि पाच मिनिटांचं गाणं वीस मिनिटं ओढायची दांडगी हौस. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली “त्यांच्यापेक्षा अमुक बँड भारी” म्हणून शंभर कॉमेंट येतील आणि मूळ गोष्ट राहील बाजूला.

आता या बँडच्या चाहत्यांचं एक वेड तुम्हाला सांगायलाच हवं. स्टुडिओतली गाणी आम्हाला फार कौतुकाची नसतात. आम्हाला हवे असतात लाइव्ह कार्यक्रम. त्या काळी काही लोक कोटात टेपरेकॉर्डर लपवून कार्यक्रमाला जायचे, गर्दीत बसून रेकॉर्ड करायचे आणि पुढे एकमेकांना कॅसेटी पाठवायचे. त्या रेकॉर्डिंगच्या याद्या आहेत. कुठलं गाव, कोणी काय वाजवलं, टेपवर कुणाचा खोकला ऐकू येतो, सगळं लिहिलेलं. तेच गाणं चाळीस वेगवेगळ्या गावांत कसं वाजलं यावर माणसं आयुष्यभर भांडतात. मेघा म्हणते, “तेच तेच ऐकून कंटाळा कसा येत नाही रे तुम्हाला?” तिला म्हटलं, तू रोज तोच वरणभात खातेस ना! त्या दिवशी मला वरणभातही मिळाला नाही, ते सोडा.

तर मालोजीअण्णा. वय सत्तरीच्या पुढे, वीज मंडळातून निवृत्त. म्हैसूरच्या राजाच्या फौजेत यांचे पूर्वज होते, म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथलेच. त्यांचं मराठी घरात बोलायचं मराठी. मधूनच कन्नडमध्ये शिरतं आणि परत येतं. पहिल्यांदा भेटले तेव्हा मला म्हणाले, “तुमचं मराठी पुस्तकासारखं आहे हो, भीती वाटते.” मला तर त्यांचंच गोड वाटतं.

अण्णांची एक कहाणी होती आणि ती ते महिन्यातून एकदा तरी सांगायचेच. कॉलेजात असताना लक्ष्मीपुरमला योग शिकायला आलेल्या एका अमेरिकन मुलाशी त्यांची दोस्ती झाली. परत जाताना त्याने त्यांना एक कॅसेट दिली, याच बँडच्या एका कार्यक्रमाची. यादीत तो कार्यक्रम आहे, पण पुढे लिहिलंय — रेकॉर्डिंग कुणाकडे नाही.

“त्यात ते संथ गाणं होतं बघ,” अण्णा डोळे मिटून सांगायचे. “शेवटी एक गिटार थांबते. दुसरी एकटीच राहते. ती एक ओळ वाजवते अन् मधेच सोडते... अर्धीच! मग सगळं गप्प. हजारो माणसं गप्प, गोत्ता, ठाऊक आहे? श्वास घेतलेला ऐकू येईल एवढं गप्प. मग टाळ्या. असं कुठल्या टेपवर नाही सतीश. कुठेच नाही!”

“मग ती कॅसेट कुठंय?” नवीन कोणी असेल तर विचारायचा. मग अण्णांचा चेहरा बदलायचा.

“आमच्या अक्कानं पुसली. वर रेकॉर्ड केलं. न विचारता! आयितु, संपलं.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सुमित्राअक्का. टी. नरसीपूरला राहतात. पस्तीस-छत्तीस वर्षं भावाबहिणीचं बोलणं लग्नकार्यापुरतं, “जेवलास?” “हं” एवढंच. एका कॅसेटवरून! मला ते नेहमी अतिच वाटायचं. पण आम्ही फॅन लोक... मनातून मला अण्णांचा राग समजायचाही. खोटं कशाला बोला.

त्या कहाणीचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून मी चाहत्यांच्या एका परदेशी फोरमवर विचारून ठेवलं होतं, या कार्यक्रमाची टेप कुणी ऐकली आहे का. महिनोन् महिने उत्तर नाही. मी विसरूनही गेलो.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एका रविवारी अण्णा नेहमीपेक्षा लवकर आले. साडेनऊलाच. हातात कापडी पिशवी. किरण अजून यायचा होता.

“अक्काचं हार्टचं ऑपरेशन ठरलंय,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात. सून फोन केली होती. अक्का म्हणतेय, त्याच्या आधी एकदा आईचा आवाज ऐकव म्हणून.”

मला कळेना. “आईचा आवाज?”

अण्णांनी पिशवीतून एक कॅसेट काढून टीपॉयवर ठेवली. “तीच ती. वर आई आहे. मी आजपर्यंत लावली नाही. तू कॉम्प्युटरमध्ये घालून दे अक्काला. मला ऐकवू नको.”

म्हणजे अक्कांनी त्या कॅसेटवर आईचा आवाज घेतला होता... आणि हे अण्णांनी इतकी वर्षं आम्हाला सांगितलंच नव्हतं. आम्ही समजत होतो एखादं सिनेमाचं गाणं वगैरे असेल. मी कॅसेट उचलली. लेबलवर निळ्या पेनाने, मोठ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं — BLANK. अण्णांचं अक्षर मी ओळखतो. आमच्या सगळ्या सीडींवर त्यांचंच आहे.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“अण्णा... हे तुम्ही लिहिलंय?”

“हौदु, मीच.” मग म्हणाले, “दोस्त लोक कॅसेट मागून न्यायचे अन् परत द्यायचे नाहीत. चांगली कॅसेट कुणी उचलू नये म्हणून मी वर ‘ब्लँक’ लिहायचो. रिकामी कॅसेट कोण मागतो?”

“पण मागचा टॅब? तो तोडला असता तर वर रेकॉर्ड झालंच नसतं ना.”

“टॅब तोडला तर कळलं नसतं का? रिकाम्या कॅसेटचा टॅब कोण तोडतो!” ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. “फार हुशारी केली मी, सतीश.”

मग बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. अक्कांच्या नवऱ्याची तेव्हा दूर उत्तरेत बदली झाली होती. आई दम्याने आजारी. परत भेट होईल न होईल म्हणून अक्कांनी घरातली रिकामी कॅसेट शोधली आणि आईला बोलतं केलं. संध्याकाळी अण्णा ऑफिसमधून आले, कॅसेट ओळखली, हातातून हिसकावून घेतली आणि घर डोक्यावर घेतलं. अक्का कॅसेटशिवायच गाडीत बसल्या. चार महिन्यांत आई गेली.

“मग नंतर तरी द्यायची ना!”

“आधी राग होता. मग लाज वाटायला लागली. मग वर्षं झाली रे... कोणत्या तोंडाने द्यायची?”

“आणि वर ‘ब्लँक’ तुम्हीच लिहिलं होतं, हे त्यांना—”

“इल्ला,” अण्णा म्हणाले. “तेवढं सांगता आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी रजा टाकली. दुपारी दोनच्या सुमारास, मेघा ऑफिसला गेलेली असताना मी ती कॅसेट लावली. डेक माझा चांगला आहे, टेपही बरी निघाली. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच ‘खट’ झालं आणि एका बाईचा आवाज आला. “काय बोलू गं त्यात? उगाच बॅटरी जाईल.” दुसरा तरुण आवाज हसला, “करंटवर आहे आई, बॅटरी नाही.” मागे घुंऽऽ असा बारीक आवाज सतत होता. भिंतीच्या प्लगवर रेकॉर्डर चालवला की तो येतोच.

अठरा मिनिटं आई बोलत होती. पोरांच्या डोक्याला तेल लाव. तिकडे थंडी फार, पहाटे आंघोळी घालू नकोस. मालूला सांग, दार लावून बसत जाऊ नको म्हणावं, आईला बघून दार कशाला लावायचं. मग अक्का म्हणाल्या, “तू काम करताना ते गुणगुणतेस ना, ते म्हण.” “ते काय गाणं आहे होय!” असं म्हणत आईने जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, नुसता सूर. आठ-दहा सूर वर गेले आणि तुटले. खोकला. परत ‘च्च’, परत सुरुवात, परत त्याच जागी तुटलं. तिसऱ्यांदाही तिथेच. “जाऊ दे. दम पुरत नाही,” आई म्हणाली आणि टेप बंद झाली. त्याच्यापुढे धाडकन त्या बँडचं दुसरं एक गाणं अर्ध्यातून सुरू झालं. म्हणजे बरोबर त्या संथ गाण्याच्या जागेवर आई बसली होती.

मी रडलो वगैरे नाही. पण माझी आई सांगलीला एकटी असते, तिला फोन केला. “काय रे, बरा आहेस ना?” म्हणाली. दुपारचा फोन माझा कधी नसतो.

त्याच आठवड्यात — योगायोग म्हणा, मी तरी तेव्हा म्हटलं — फोरमवर उत्तर आलं. डेल नावाचे एक म्हातारे गृहस्थ. कोटात टेपरेकॉर्डर घेऊन त्या कार्यक्रमाला गेलेला माणूस म्हणजे तेच! मूळ टेप त्यांच्याकडे होती. आयुष्यात त्यांनी तिची एकच कॉपी केली होती, योग शिकायला इंडियात चाललेल्या एका मित्रासाठी. पुढे कुणालाही दिली नाही. “कारण टेप खराब आहे,” त्यांनी लिहिलं होतं. “संथ गाण्याच्या शेवटी एक बाई मध्येच गुणगुणते. तुम्हाला चालत असेल तर पाठवतो.”

चालेल म्हणजे काय! फाइल शनिवारी आली. मी ऐकली नाही. अण्णांच्या आधी ऐकणं बरं दिसलं नसतं. रविवारी दहाला तिघंही बसलो, खिडक्या लावल्या, किरणने फोन बंद केला. संथ गाणं सुरू झालं तेव्हा अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

अण्णा खरं सांगत होते. चौदाव्या मिनिटाला एक गिटार थांबली, दुसरी एकटी राहिली. तिने एक ओळ घेतली, वर नेली आणि अर्ध्यात सोडली. शांतता. मी किरणकडे बघून मान हलवली, की काय वाजवलंय! आणि तेवढ्यात त्या शांततेत कुणीतरी ‘च्च’ केलं.

मग बाई गुणगुणायला लागली. तीच ओळ. गिटारने सोडली त्या जागेपर्यंत आली... आणि थांबली नाही. पुढे गेली, सावकाश खाली उतरली, ओळ पुरी केली. मग टाळ्यांचा कडकडाट.

मी सोमवारी ऐकलेला आवाज होता तो. तेच सूर, तोच ‘च्च’. हा आईचा आवाज आहे हे मी अण्णांना सांगणार तरी कसा, त्यांनी तर ती कॅसेट ऐकलीच नव्हती! पण सांगायची वेळच आली नाही. अण्णा उठून उभे राहिले होते.

“आई,” ते म्हणाले. नंतर माझ्यावर भडकले. “तू केलंस काय हे? तू मिसळलास?”

“अण्णा, शपथ घेतो. मी तुमची कॅसेट कुणाला पाठवलेली नाही.”

“माझ्या कॅसेटवर बाई नव्हती! शंभर वेळा ऐकलीय मी ती. तिथे कुणी नव्हतं!” एवढं बोलून ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. किरणने उठून पाणी आणलं. तो एरवी कशावरही विनोद करतो, त्या दिवशी नाही केला.

आता माझ्यातला “पुरावा काय”वाला जागा झाला. त्याच संध्याकाळी मी दोन्ही रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन बसलो. आधी वाटलं, डेलनी किंवा अजून कुणी जोडकाम केलं असेल. पण कशाचं जोडकाम? आईची कॅसेट कपाटातून बाहेरच आली नव्हती. बरं, आमच्या कॅसेटवर ओळ तिन्ही वेळा तुटते, खोकला येतो. डेलच्या टेपवर ती पुरी होते. मुळात जे कुठे रेकॉर्डच झालेलं नाही ते कुणी कुठून जोडणार?

मग मी तो आलेख काढला. हे जरा सोपं करून सांगतो. विजेवर चालणाऱ्या यंत्राची बारीक घुंऽऽ रेकॉर्डिंगमध्ये उतरते. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. म्हणजे नुसत्या त्या घुंऽऽवरून रेकॉर्डिंग कुठलं ते सांगता येतं. कारखान्यात हे मी रोज बघतो. डेलच्या टेपवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत साठची रेघ होती, तिथल्या स्टेजवरच्या स्पीकरची. असायलाच हवी. पण ती बाई गुणगुणते त्या पाऊण मिनिटात, साठच्या खाली, अजून एक फिकट रेघ होती. ‘च्च’बरोबर सुरू झालेली, तिचा आवाज थांबल्यावर थांबलेली. पन्नासची.

मी तीनदा तपासलं. मग किरणला बोलावून त्याच्याकडून तपासून घेतलं. तो म्हणाला, टेपची कॉपी पन्नासवाल्या देशात झाली असेल. म्हटलं, मग रेघ सगळ्या टेपवर दिसेल ना, पाऊण मिनिटच कशी? आम्ही दोघं खालच्या दुकानात जाऊन चहा प्यायलो आणि क्रिकेटवर बोललो.

डेलना मी फक्त एवढंच विचारलं, की ती बाई तुमच्या शेजारी बसली होती का? त्यांचं उत्तर असं — शेजारी कुणी बाई नव्हती. कार्यक्रमानंतर बरीच वर्षं टेप ऐकली तेव्हा असा आवाज आल्याचं त्यांना आठवतच नाही. पुढे दहा-बारा वर्षांनी त्यांनी घर बदललं, सामान लावताना टेप लावली आणि बाई गुणगुणायला लागली. त्यांची बायको म्हणाली, ती पहिल्यापासून आहे, तुझंच लक्ष नसतं. यावरून त्यांचं अजून भांडण होतं म्हणे.

कार्यक्रमानंतर दहा-बारा वर्षांनी... म्हणजे अक्कांनी इकडे कॅसेट केली त्याच सुमारास. मी हे अण्णांना सांगितलं नाही. मेघाला सांगितलं, आणि तिने हॉलमधलाही दिवा लावला.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी मी अण्णांना घेऊन टी. नरसीपूरला गेलो. सकाळी नऊला निघालो, माझ्याच गाडीने. गाव जवळ आलं तेव्हा अण्णा म्हणाले, “स्वल्प थांबव.” उतरून रस्त्याकडेला उभे राहिले, परत येऊन बसले. “चल.”

अक्का पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. बारीक, गोऱ्या, केसांचा एवढासा अंबाडा. भावाकडे बघून म्हणाल्या, “वाळलास रे मालू.” मला म्हणाल्या, “तुम्ही सांगलीचे ना? या, बसा. आमचं मराठी तुम्हाला कळतंय का?”

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. अण्णा म्हणाले, “थांब. आधी मला बोलायचंय.” आणि उभ्यानेच, दोन्ही हात पुढे बांधून, शाळेतल्या पोरासारखं त्यांनी सांगून टाकलं. “अक्का, त्या कॅसेटवर ‘ब्लँक’ मीच लिहिलं होतं. दोस्तांनी नेऊ नये म्हणून. तुझी चूक नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गावभर तुझं नाव घेत फिरलो मी.”

मला वाटलं आता अक्का ‘जाऊ दे रे’ म्हणतील. नाही म्हणाल्या.

“मला वाचता येत होतं मालू,” त्या म्हणाल्या. “तुझं अक्षर मला कळत नव्हतं होय? मला वाटलं, आज ना उद्या तू येऊन सांगशील. आईच्या दिवसांना वाटलं. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात वाटलं. मग वाट बघायची सोडली.” डोळ्यांना पदर लावला त्यांनी. “फार उशीर केलास रे.”

“हो,” अण्णा म्हणाले. “केला.”

मी आईचा आवाज लावला. अठरा मिनिटं दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत होते. ‘मालूला सांग, दार लावून बसत जाऊ नको’ हे आलं तेव्हा अण्णांनी मान खाली घातली. गुणगुणणं सुरू झालं तसे ते चमकले आणि माझ्याकडे वळले. “हे... हे तर त्या गाण्यातलं! आईला कुठून येतं? मी तर दार लावून ऐकायचो!”

“तू दार लावायचास म्हणूनच,” अक्का म्हणाल्या. “दाराबाहेर बसायची ती. तांदूळ निवडायचं ताट घेऊन. तुझं ते संपलं की उठायची. मी म्हणायचे, आत जा की. म्हणायची, नको, मी आत गेले की तो बंद करतो.”

ज्या कॅसेटसाठी अण्णा जन्मभर हळहळले, त्यातली ती ओळ त्यांच्या कपाटातच होती, आईच्या आवाजात. एकदा लावली असती तर कळलं असतं.

खरं तर मी तिथेच थांबणार होतो. ऑपरेशन होणाऱ्या बाईला कशाला असलं काही ऐकवायचं? पण अण्णा म्हणाले, “दुसरं पण लाव.” काहीही न सांगता मी डेलची टेप लावली, शेवटची तीन मिनिटं फक्त. गिटार एकटी राहिली. ओळ अर्ध्यात सोडली. शांतता. ‘च्च’.

अक्का सरळ बसल्या. आई गुणगुणत गेली, तुटायच्या जागी आली, पुढे गेली, खाली उतरली. टाळ्या झाल्या. अक्का जराही घाबरल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मला आनंदच म्हणावं लागेल.

“मालू,” त्यांनी भावाचा हात धरला. “ऐकलंस? दम नाही लागला तिला.”

“हो अक्का.”

“आणि एवढी माणसं टाळ्या वाजवतायत... आईला?”

त्या टाळ्या त्या बँडसाठी होत्या. अण्णांना ते माहीत होतं. कुठल्या टेपवर कोण खोकला यावरून माणसांशी तासतासभर भांडणारे अण्णा.

“हो,” ते म्हणाले. “आईलाच.”

अक्कांचं ऑपरेशन नीट झालं. अण्णा आता महिन्यातून दोनदा नरसीपूरला जातात, जाताना लॅपटॉप मागून नेतात आणि वेळेवर परत देतात, याचं त्यांचं त्यांनाच कौतुक आहे.

मध्यंतरी डेलनी विचारलं, की टेप आता सगळ्यांसाठी खुली करतोय, यादीत ‘अनोळखी बाई’ असं लिहावं का? मी अण्णांना विचारलं, अण्णांनी अक्कांना. तर जगभरच्या चाहत्यांच्या त्या यादीत, त्या कार्यक्रमापुढे, गिटार कोण, ऑर्गन कोण, ड्रम कोण हे सगळं आहे आणि शेवटची ओळ आहे — आवाज: रुक्माबाई, म्हैसूर.

त्याखाली लोकांचं भांडण जुंपलंय. ही कोण रुक्माबाई, ती तिथे कशी असेल, काहीतरी सांगू नका. एकाने तर सरळ मला टॅग करून विचारलंय, पुरावा काय?

तीन महिने झाले. उत्तराचा रकाना उघडतो, पन्नासची ती फिकट रेघ आठवते... आणि काय लिहावं ते समजत नाही.